मोजलेली माणसे

भद्रावतीला बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला ठरलेल्या क्रमाने गाव दाखवतो. आधी भद्रनागाचे देऊळ, मग पार्श्वनाथाचे जैन मंदिर, मग विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आणि वेळ उरलाच तर गवराळ्याचा गणपती. रेल्वेस्थानकाच्या पाटीवर मात्र अजून जुने 'भांदक'च आहे. एवढ्याशा गावात इतक्या पंथांचे दगड एकमेकांच्या शेजारी उभे आहेत, याचे पाहुण्याला नवल वाटते. ते दगड घडवणारी, वाहणारी माणसे कोण होती, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज स्वतःला काय म्हणवतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारणारे लोक वेगळे असतात. ते छापील कागद घेऊन येतात.

गेल्या पावसाळ्यात असाच एक कागद घेऊन माझा एक विद्यार्थी घरी आला. मुलगा माना जमातीचा. जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती, आणि त्यासाठीच्या माहितीचा मसुदा मराठीच्या मास्तरांनी पाहून द्यावा अशी त्याची अपेक्षा होती. जमातीचा उगम, पोटभेद, बोली, कुळदैवत, सण, विवाहाची पद्धत, देज, जन्माचे विधी, मृताची व्यवस्था, परंपरागत व्यवसाय. वाचता वाचता मला वाटले की हा अनुक्रम आपल्या ओळखीचा आहे. कपाटातून रसेल आणि हिरालाल काढले आणि 'माना' हे प्रकरण उघडले. उगम आणि दंतकथा, पोटभेद, विवाह, धर्म, मृतांची व्यवस्था, सामाजिक चालीरीती, व्यवसाय. क्रम थोडा इकडेतिकडे, बाकी तोच. 1916 साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथाची अनुक्रमणिका शंभर वर्षांनी एका मुलाच्या पुढे प्रश्नपत्रिका होऊन आली होती. हे कसे घडले, ते पाहावे म्हणून हा लेख.

या मुलखातील माणसांविषयी पद्धतशीर लिहिण्याची सुरुवात एका पाद्र्याने केली. नागपूरच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना स्टीफन हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे ठाऊक असते. त्याने गोंडांची लिंगोकथा एका परधानाकडून मिळवली, हे त्यांना ठाऊक असायला हवे. 1863 मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप नदीत बुडून मेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये छापले. हिस्लॉपच्या लेखनात कुतूहल आहे, आणि माणूस पुढ्यात बसून गातो आहे याची जाणीवही आहे. त्यानंतर 1869 चा मेजर ल्युसी स्मिथचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल येतो. हा महसुली कागद आहे, पण गावोगावच्या आठवणी त्यात आहेत.

पुढे वारे बदलले. हर्बर्ट रिस्ले याने 1891 मध्ये बंगालच्या जाती-जमातींवरचे खंड प्रसिद्ध केले आणि त्यांत नाकाची मापे दिली. नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा नासिका-निर्देशांक. रिस्लेचा सिद्धांत असा की जातीचा सामाजिक दर्जा तिच्या नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो. म्हणजे जात ही मुळात वंश आहे, आणि उतरंड ही आर्य व अनार्य रक्ताच्या मिश्रणाची मोजपट्टी आहे. 1901 च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्या जनगणनेत त्याने जातींना सामाजिक अग्रक्रमाने मांडायला लावले, आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला : आम्हांला क्षत्रिय लिहा, आम्हांला वैश्य लिहा, आमचे नाव त्यांच्या वर घाला. ज्या शास्त्राने जात अचल आहे असे गृहीत धरले, त्याच शास्त्राच्या दप्तरात जाती चालू लागल्या. एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 मध्ये संस्कृतीकरण ही संकल्पना मांडली, तिचा बराच कच्चा माल या अर्जांतच पडून होता.

मध्य प्रांतापुरते हे काम रॉबर्ट व्हेन रसेल या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. सोबतीला मुरवाऱ्याचे (आजच्या कटनीचे) रायबहादूर हिरालाल. चार खंड 1916 मध्ये निघाले, पण रसेलने ते पाहिले नाहीत. 1915 च्या डिसेंबरअखेर भूमध्य समुद्रात 'पर्शिया' हे जहाज पाणतीराने बुडाले, त्यावर तो होता. (आमच्या मुलखाचे दोन मोठे नोंदकर्ते पाण्यातच गेले, हा निव्वळ योगायोग, पण विसरता येत नाही.) रसेल नाके मोजण्यात फार रमला नाही. त्याला चालीरीती, म्हणी, दंतकथा यांचा नाद होता, आणि हिरालालांना शिलालेखांचा आणि बोलींचा. म्हणून हा ग्रंथ वाचायला आजही गोड आहे. त्यातली वंशविषयक गृहीतके जुनी झाली, निंदाव्यंजक शेरे खटकतात, पण निरीक्षण पुष्कळ ठिकाणी सच्चे आहे.

माना जमातीचेच पाहा. 1911 मध्ये माना सुमारे 50,000 आणि त्यांपैकी 34,000 एकट्या चांदा जिल्ह्यात, असा आकडा रसेल देतो. मग ल्युसी स्मिथच्या आधारे परंपरा सांगतो : गोंडांच्या आधी या मुलखावर मानांचे राज्य होते, अहेरीकडे सूरजागड आणि डोंगरात माणिकगड ही त्यांची ठाणी, दोनशे वर्षांनी गोंडांनी त्यांचा पाडाव केला, आणि तलवार ठेवून ते भातशेतीत पारंगत झाले. वैरागडच्या माना राजांची नावे येतात : कुरुमप्रुहोडा, सुरजत बडवाईक, गहिलू. लगेच दुसरी बाजूही येते. काही माना स्वतःला गोंडांचीच शाखा म्हणवतात, आणि लोकांच्या बोलण्यात गोंड, गोवारी व माना एका पंगतीला बसवले जातात. उगम अस्पष्ट आहे, अशी कबुली रसेल सुरुवातीलाच देतो. त्याने दोन शक्यता मोकळ्या ठेवल्या आणि तिसरी, पराभूत राज्यकर्त्यांची, अधिक संभवनीय मानली. त्याच्या या पानांवर दिसतो तो चढउतार : राज्यकर्ते शेतकरी होतात, सैनिक 'बडवाईक' हे बिरुद जपतात, कोणी क्षत्रिय म्हणवतो, कोणी गोंडांशी सोयरीक सांगतो. मूळ वर्णन हे हालचालीचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती विसरली गेली.

याच 1916 च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस यांनी 1911 च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांची डोकी मोजून दाखवले होते की ज्याला वंशाचे अढळ लक्षण समजत, तो कवटीचा आकारही एका पिढीत बदलतो. आंबेडकरांचा निबंध डोकी-नाकांच्या वाटेला जात नाही. जातीचे मर्म त्यांनी सजातीय विवाहाच्या बंधनात, आणि ते टिकवण्यासाठी स्त्रीच्या आयुष्यावर लादलेल्या रूढींत शोधले. रंगभेद हे जातीचे मूळ मानणाऱ्या युरोपीय अभ्यासकांना तिथे त्यांनी बाजूला सारले. पुढे 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मात्र ते रिस्लेच्याच अंगणात उतरले. गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या जात आणि वंश या विषयावरील ग्रंथात नासिका-निर्देशांक प्रांतवार मांडले होते. आंबेडकरांनी तेच आकडे समोर ठेवून युक्तिवाद केला : हे मापन जर शास्त्र असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, आणि शास्त्र नसेल तर वंशाचा सिद्धांतच उरत नाही. प्रतिपक्षाची फूटपट्टी घेऊन प्रतिपक्षालाच मोजण्याचे इतके नेटके उदाहरण आपल्या वैचारिक गद्यात क्वचितच सापडेल. ते मराठीच्या वर्गात शिकवले जात नाही, याचे वाईट वाटते.

दुसरे नाव इरावती कर्वे यांचे. 'युगान्त' आणि 'परिपूर्ती' यांच्या लेखिका म्हणून त्या आपल्या अभ्यासक्रमात असतात. हातात कॅलिपर घेतलेल्या इरावतीबाई फारशा भेटत नाहीत. 1927 नंतर त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला होत्या. हे फिशर पुढे नाझी वंशविज्ञानाचे एक आधारस्तंभ झाले. गोऱ्या माणसाची कवटी अधिक विषम असते आणि ते त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह आहे, अशा कल्पनेची तपासणी बाईंकडे सोपवली गेली. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. मार्गदर्शकाच्या तोंडावर आणि त्याच्याच संस्थेत. पुण्यात आल्यावर त्यांनी मोजमापे सोडली नाहीत, वि. म. दांडेकरांसह 1951 मध्ये महाराष्ट्राच्या मोजमापांचे पुस्तक काढले. पण त्यातून त्यांना दिसले ते वेगळेच : एकाच 'जाती'चे म्हणवणारे पोटगट मापांत एकमेकांपासून दूर असतात. मोठी नावे वरून घातलेली आहेत, खरा गट म्हणजे आपापसांत लग्ने करणारी छोटी जात, या निष्कर्षाकडे त्या आल्या. आमच्या 'माना', 'गोंड', 'गोवारी' या शब्दांना हा निष्कर्ष लावला तर किती शासकीय कागद रद्द करावे लागतील, याची कल्पना करावी.

अमेरिकेत याच काळात उलटा व्यवहार चालू होता. लॉइड वॉर्नर यांनी 1936 मध्ये दक्षिणेतील गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांना 'जात' हा शब्द लावला. त्यांच्या परंपरेतील ॲलिसन डेव्हिस, हे स्वतः कृष्णवर्णी मानववंशशास्त्रज्ञ, आणि त्यांचे सहकारी यांनी मिसिसिपीतील एका गावावर 1941 मध्ये ग्रंथ लिहिला. ऑलिव्हर कॉक्स यांनी 1948 मध्ये या उपमेवर कडाडून टीका केली. गेराल्ड बेरमन यांनी 1960 मध्ये तिची पुन्हा बाजू घेतली. आपल्याकडे जातीला वंश म्हटले जात होते, तेव्हा तिकडे वंशाला जात म्हणत होते. त्या वादातून तिथे एक प्रश्न उरला : जन्माने घातलेली रेघ माणसाला ओलांडता येते का? स्वातंत्र्यानंतर आमच्या जिल्ह्यात जो प्रश्न आला तो याच्या नेमका उलट होता : तुझ्या घराने ती रेघ कधीच ओलांडलेली नाही, हे तू सिद्ध करू शकतोस का?

कारण आता यादी आली होती. आणि यादीला भूगोल होता. 1956 च्या यादीप्रमाणे विदर्भात गोंड आणि त्यांच्या सोबतच्या जमाती अनुसूचित ठरत त्या ठराविक तालुक्यांतच : अमरावतीत मेळघाट, चांदा जिल्ह्यात गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळात केळापूर, वणी आणि यवतमाळ. आमचे भांदक तेव्हा वरोरा तहसिलीत. वरोरा यादीत नव्हता. म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडे, वणीच्या बाजूला राहणारा गोंड आदिवासी. त्याची अलीकडे दिलेली बहीण, तिचा नवरा, तिची मुले कायद्याच्या दृष्टीने आदिवासी नाहीत. उन्हाळ्यात ही नदी लोक पायी ओलांडतात. हे 1976 च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत चालले. क्षेत्रबंधन उठले आणि नदीच्या दोन्ही काठांवरची माणसे पुन्हा एकमेकांची झाली. दक्षिणेला याच सुमारास दुसरा पेच पडला. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला. 1982 च्या पुस्तकात त्यांनी गोंडांच्या जमिनी कशा गेल्या ते लिहिले. त्या लोंढ्यात महाराष्ट्रातून गेलेले बंजाराही होते. तिकडे 1976 नंतर लंबाडा अनुसूचित जमात. इकडे त्यांचेच भाऊबंद विमुक्त-भटक्यांत. एका तांड्याचे दोन दर्जे, मध्ये पैनगंगा.

या जिल्ह्याने यादीची वाट न पाहता रेघ ओलांडल्याचेही एक उदाहरण आहे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. एका दिवसात हजारोंनी आपला सामाजिक दर्जा स्वतः ठरवला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीला बौद्धांची दखल घ्यायला 1990 उजाडावे लागले.

मानांची गोष्ट मात्र व्याकरणात अडकली. 1956 च्या यादीत 'गोंड' या नावापुढे 'यांसह' अशा अर्थाचा शब्द होता आणि त्या रांगेत 'माना' होते. 1968 मध्ये एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला : गोंडांची पोटजमात असलेले माना तेवढे यादीत, इतर माना नाहीत. झाले. ज्या जमातीचा उगम रसेलने 'अस्पष्ट' म्हणून सोडून दिला होता, तिच्या प्रत्येक घराला आता तो स्पष्ट करून देणे भाग पडले. आजोबाने 'क्षत्रिय माना' किंवा 'बडवाईक' लिहवून घेतले असेल, तर नातू अडचणीत. एकेकाळी वर सरकण्यासाठी लावलेले बिरुद आता पुराव्याच्या कामी आले, पण विरुद्ध बाजूने. 1976 च्या कायद्याने तो 'यांसह' गाळला आणि नावे केवळ स्वल्पविरामांनी वेगळी केली. तरी जुना अर्थ कचेऱ्यांतून गेला नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आता यादीतले प्रत्येक नाव स्वतंत्र जमात आहे. माना हे माना म्हणूनच अनुसूचित आहेत, गोंडांशी नाते दाखवण्याची गरज नाही. विरामचिन्हांना कमी लेखणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा निकाल सांगतो.

गोवाऱ्यांना स्वल्पविराम मिळाला नाही. यादीत 'गोंड गोवारी' असे सलग आहे. आम्हीच ते, असा गोवाऱ्यांचा दावा. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे मेली; स्त्रिया आणि मुले त्यांत पुष्कळ. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन्ही ठिकाणी रसेल-हिरालाल उघडले गेले. एका शब्दजोडीवर शंभराहून अधिक मृत्यूंचे ओझे आहे, आणि तिचा अर्थ अजूनही 1916 च्या एका ग्रंथात शोधला जातो. रसेलला याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने गावच्या पाटलांना, मास्तरांना, तहसिलदारांना विचारून टिपणे केली होती. ती शपथपत्रे नव्हती.

पडताळणीची आजची रीत 1994 च्या एका निकालातून आली. खोट्या दाखल्यांवर जागा बळकावल्या जात होत्या, ही गोष्ट खरी आहे, आणि त्याची झळ गडचिरोलीच्या माडियाला आणि गोंडालाच बसत होती. हे विसरून समित्यांवर बोलणे अप्रामाणिक होईल. सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्या आणि त्यांची दक्षता पथके नेमायला सांगितली. पथकाने घरी जावे, जुनी कागदपत्रे पाहावीत, आणि जमातीची वैशिष्ट्ये, देवता, विधी, विवाहपद्धती, मृतसंस्कार यांविषयी विचारावे. हीच आप्तभाव चाचणी, लोकांच्या तोंडी 'अफिनिटी'. तिच्यामागे 1965 च्या लोकूर समितीचे निकष उभे आहेत : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांशी संपर्काबाबत बुजरेपणा, मागासलेपण. हे निकष जमातीला लावायचे होते. चाचणीत ते घराला लागू लागले. कोळशाच्या खाणीत नोकरी करणाऱ्या, आयुधनिर्माणीच्या वसाहतीत वाढलेल्या कुटुंबाने बुजरे कसे राहावे? शाळा, नोकरी, शहर ही सवलतींची उद्दिष्टे. ती साधली की चाचणीतले गुण कमी होतात. 2023 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे. जुने विश्वासार्ह दस्तऐवज असतील तर तिची आवश्यकताही पडू नये, कारण स्थलांतर आणि आधुनिकता यांनी चालीरीती बदलतात. बोआस यांनी कवट्यांविषयी जे दाखवले, ते चालीरीतींविषयी आपल्या न्यायव्यवस्थेत मान्य व्हायला एवढा काळ लागला.

आमच्या विद्यार्थ्याकडे कागद होते. पणजोबाच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल, आजोबाची शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतली नोंद. दोन्हींत नुसते 'माना'. तरी प्रश्नावली भरायचीच होती. कुळदैवताच्या रकान्यात त्याने नाग लिहिला. मार्गशीर्षात त्याच्या घरी नागदिवाळी होते, ते मला माहीत होते. बोलीच्या रकान्यात 'मराठी' लिहून तो थोडा थांबला, कारण काही वेगळे लिहायला हवे होते की काय, अशी शंका त्याला आली. मी म्हटले, तू जे बोलतोस तेच लिही.

शेवटी मृताच्या व्यवस्थेचा रकाना आला. "सर, आजोबांना गावी पुरलं होतं," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा आम्ही कॉलनीत होतो. तिथं सगळे जाळतात. आम्हीही जाळलं. यात कोणतं लिहू?"

दोन्ही लिही, असे मी सांगितले. रकान्यात जागा एकाच शब्दापुरती होती. त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहायला घेतले.